खलनायकाचा जबाबही नोंदवून घ्यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कोल्हापूर आवृत्तीत गेल्या आठवड्यात एका लघुकथा स्पर्धेची बातमी प्रसिद्ध झाली. शहरातील एका साहित्य मंडळाने ही स्पर्धा जाहीर केली असून ‘खलनायक’ हा तिचा विषय आहे. कथा स्वतंत्र आणि अप्रकाशित असावी, ती दोन हजार शब्दांपेक्षा मोठी नसावी, तिच्यात कोणत्याही हयात व्यक्तीचे चित्रण नसावे आणि कथेच्या अखेरीस खलनायकाचा पराभव किंवा त्याचे हृदयपरिवर्तन दाखवलेले असावे, असे चार नियम बातमीत दिले होते. त्यानंतर याच सदरात एका वाचक भगिनींचे पत्र आले. समाजापुढे आदर्श ठेवण्याचे सोडून साहित्य मंडळाने खलपुरुषांना व्यासपीठ द्यावे, याचा त्यांना खेद वाटतो आणि अशा स्पर्धेमुळे दुष्टांचे उदात्तीकरण होईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली आहे. मी जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला एक वाचक आहे. कथा लिहिण्याचे अंग मला नाही आणि स्पर्धेत उतरण्याचा विचारही नाही. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण वाचक भगिनींचा आक्षेप आणि मंडळाचा चौथा नियम या दोन्हींच्या मुळाशी मला एकच भीती दिसते. विषय उत्तम आहे. चौथा नियम मात्र मंडळाने मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम उदात्तीकरणाविषयी. ही भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. चौकाचौकांतील वाढदिवसांचे डिजिटल फलक, तलवारीने केक कापल्याबद्दल दाखल होणारे गुन्हे, तडीपारीची मुदत संपवून परतलेल्या ‘भाऊं’च्या मिरवणुका आणि मोबाइलवर फिरणाऱ्या त्यांच्या चित्रफिती आपण सगळेच पाहतो, मिसरूडही न फुटलेली मुले त्यांची नक्कल करतात, हेही खरे आहे. परंतु त्या फलकावर काय असते, ते जरा बारकाईने पाहावे. तेथे भाऊंचा चेहरा असतो, डोळ्यांवर गॉगल असतो, खाली शुभेच्छुकांच्या छायाचित्रांची रांग असते. भाऊंनी कोणाचा गाळा बळकावला, कोणाच्या पोराचा हात मोडला, याचे एक अक्षरही तेथे नसते. दुष्कृत्य पुसून टाकायचे आणि ज्याच्यावर ते ओढवले त्याला चित्राबाहेर काढायचे, की उदात्तीकरण पूर्ण झाले. कथेला ही सोय नाही. ज्या कथेत खलनायक आहे, तिच्यात त्याच्यामुळे ज्याचे वाटोळे झाले तो माणूसही वावरत असावा लागतो, नाहीतर कथाच उभी राहत नाही. वाचक भगिनींना ज्या चित्राची धास्ती वाटते, त्यावरचा उतारा या स्पर्धेतून मिळण्याचाच संभव मला अधिक दिसतो.

शिवाय ही स्पर्धा कोल्हापुरात होत आहे. करवीर माहात्म्यातील कथेनुसार अंबाबाईने ज्याचा वध केला त्या कोल्हासुराने मरतेवेळी या क्षेत्राला आपले नाव राहावे, असा वर मागितला आणि देवीने तो दिला. दरवर्षी ललितापंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडून त्या वधाचे स्मरण केले जाते आणि कोहळ्याचा तुकडा मिळवण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. वध करणाऱ्या देवीने हरलेल्याचे अखेरचे म्हणणे ऐकून घेतले आणि मान्यही केले, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी आवर्जून जपून ठेवली आहे. बळीचे तर विचारायलाच नको. पुराणाने त्याला पाताळात धाडले. पण ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने शेतकऱ्यालाच बळीराजा केले आणि महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त त्याच बळीला प्रजेचा कैवारी म्हणून उभे केले. असुरांची बाजू ऐकण्याची सवय या मातीला नवी नाही.

आता चौथ्या नियमाकडे वळतो. येथे माझ्या जुन्या नोकरीतील थोडा तपशील सांगणे आवश्यक आहे. फौजदारी खटल्यात सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. पूर्वी ही विचारणा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ३५१ मध्ये आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र अजूनही ‘तीनशे तेराचा जबाब’ हेच शब्द आहेत. अमुक साक्षीदाराने तुमच्याविरुद्ध असे असे सांगितले आहे, त्याबाबत तुमचे काय म्हणणे आहे, असे एकेक करून विचारले जाते. विशेष म्हणजे या वेळी आरोपीला शपथ दिली जात नाही आणि त्याचे उत्तर खोटे ठरले तरी त्या खोटेपणाबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. मोकळेपणाने बोलण्याची एवढी मुभा कायद्याने दिलेली असूनही उत्तरे येतात ती ठरलेलीच. ‘खोटे आहे.’ ‘माहीत नाही.’ आणखी काही सांगायचे आहे काय, असे शेवटी विचारले की ‘मला खोटे गोवले आहे.’ (पुष्कळदा तेही खरे असते, हे येथे नमूद केले पाहिजे.) वकिलांनी तसेच सांगण्याचा सल्ला दिलेला असतो आणि तो त्यांच्या जागी योग्यच असतो. परंतु निकाल लागलेल्या प्रकरणांचे गठ्ठे अभिलेख कक्षात पाठवताना मला नेहमी वाटत असे की, पंचनामा आहे, नकाशा आहे, वैद्यकीय दाखला आहे, मुद्देमालाची यादी आहे. ज्याने हे केले त्याच्या मनात त्या घटकेला काय चालले होते, तेवढे मात्र या शेकडो पानांत कोठेही नाही. त्या मोकळ्या जागेत पाऊल ठेवण्याचा अधिकार आणि सामर्थ्य कथालेखकाकडेच आहे. खलनायकावरची चांगली कथा म्हणजे न्यायालयाला कधी मिळालाच नाही असा जबाब होय, असे मी मानतो.

मग हा जबाब घेण्यापूर्वीच निकालपत्र लिहून ठेवायचे काय? चौथ्या नियमाने नेमके तेच होते. शेवट आधीच ठरलेला असला की लेखक पहिल्या परिच्छेदापासून खलनायकाची बाजू लंगडी करत नेतो, त्याला गरजेपेक्षा मूर्ख बनवतो, त्याच्या हातून काही पुरावा मागे राहील अशी तजवीज करतो. वाचकालाही नियम ठाऊक असल्यामुळे तो निवांत असतो. त्याला धास्ती वाटत नाही की रागही येत नाही. आणि प्रत्यक्षात तरी पराभव इतका पक्का कोठे असतो? खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली तरी अपील असते, अपिलात जामीन असतो. त्यासाठी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, एवढाच काय तो फरक पडला आहे.

या नियमाच्या समर्थनार्थ मंडळाने पसायदानातील ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ या ओवीचा आधार घेतल्याचे बातमीत म्हटले आहे. माउलींनी खळांचा नाश न मागता त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले, हे त्यांचे थोरपण कोण नाकारील? परंतु ते विश्वात्मक देवाकडे मागितलेले दान आहे आणि तेही अठरा अध्याय सांगून झाल्यावर, ग्रंथाच्या अगदी शेवटी. त्याच ग्रंथातील सोळावा अध्याय मंडळाने पुन्हा एकदा पाहावा. दैवी आणि आसुरी संपत्तीचे विवेचन तेथे आहे. मूळ गीतेत या अध्यायात ‘इदमद्य मया लब्धम्’ येथून पुढे आसुरी वृत्तीचा माणूस स्वतःच बोलू लागतो: आज मी हे मिळवले, उद्या ते मिळवीन, हा शत्रू मी मारला, इतरांनाही मारीन, मीच ईश्वर, मीच भोक्ता, मीच बलवान. त्याची पुढची गती लगेच सांगितली आहे, हे खरे आहे. परंतु भगवंतांनीही आधी त्याला त्याच्या स्वतःच्या तोंडाने, मी मी म्हणत, मनसोक्त बोलू दिले. ते बोलणे वाचताना आपल्या ओळखीचे दोन-चार चेहरे डोळ्यांपुढे येतात आणि प्रामाणिक वाचक असेल तर त्यांत आपलाही एखादा येतो.

कोल्हापूरच्याच मातीतील आणखी एक दाखला देतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, कीचक मरणार हे पोराटोरांनाही ठाऊक. म्हणजे मंडळाच्या नियमात चपखल बसणारेच नाटक. पण लोकांनी त्या कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तेथे वध हवाच होता, कारण नाटकाचा सगळा अर्थ त्या वधात साठवलेला होता. कोणा मंडळाने अट घातली म्हणून तो आलेला नव्हता. पुढे याच कीचकाची कथा बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडद्यावर आणली. १९२० च्या त्या ‘सैरंध्री’ मूकपटातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटे की त्याची चर्चा अजून होते. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२५ मध्ये, त्याच बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. त्यात असुर नाही, मुकुटधारी राजा नाही. सावकार आहे, कागद आहे, आणि जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा शेतकरी आहे. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. एकाच कलावंताच्या या दोन चित्रपटांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. महाभारतातून कथा घेतली तेव्हा खलनायकाला लोळवायला भीम हजर होता. शेतकऱ्याच्या घरातून कथा घेतली तेव्हा भीम आणायचा कोठून? बाबूरावांनी तो ओढूनताणून आणला नाही, म्हणूनच शंभर वर्षे झाली तरी भारतीय वास्तववादी चित्रपटाची गोष्ट निघाली की ‘सावकारी पाश’चे नाव प्रथम घेतले जाते. आजच्या स्पर्धेच्या अटी तेव्हा असत्या तर सैरंध्री पात्र ठरली असती आणि सावकारी पाशाबद्दल परीक्षकांना विचार करावा लागला असता.

सावकाराचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि दस्तऐवजांवर होता; कागद मिळवायचे आणि जाळायचे, असे गावोगाव घडले, जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने विरळ होते. खलनायक नेमका कोठे बसला आहे, हे त्या निरक्षर माणसांना बरोबर कळले होते.

आता आजच्या काळातील एक कथा कल्पून पाहू. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या गावातील दूध संस्थेचा सचिव हा तिचा खलनायक समजा. ही व्यक्ती संपूर्ण काल्पनिक आहे, हे आधीच स्पष्ट करतो. दुधाचा दर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांवर ठरतो. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट व ९.० एसएनएफ आणि गाईच्या दुधाला ३.५ व ८.५ हे मूळ प्रमाण धरले जाते आणि फॅटचा पॉइंट खाली आला की दर उतरतो. आमचा सचिव पहाटे नमुना तपासताना प्रत्येकाच्या खात्यावर एखादा पॉइंट कमी चढवतो. एका घराचे दिवसाला चार-दोन रुपये जातात. दहा दिवसांच्या बिलात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हा गृहस्थ सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. रात्री-अपरात्री कोणाची लेक बाळंतपणाला अडली तर सीपीआर रुग्णालयात न्यायला स्वतःची गाडी काढतो. मारुतीच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला सर्वांत मोठी देणगी त्याची. आणि दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरील दरफरकाची रक्कम, वाटला जातो तेव्हा आसपासच्या गावांत सर्वांत जास्त फरक याच संस्थेचा असतो, कारण वर्षभर कापलेल्या पैशांतलाच एक हिस्सा तो मोठ्या मनाने परत देत असतो. ज्या बाईचे पैसे गेले तीच फरकाची रक्कम पदरात बांधताना त्याला आशीर्वाद देते. त्याला जाब विचारलाच तर तो आवाज न चढवता सांगेल की, हे पैसे दर दहा दिवसांनी घरी गेले असते तर नवऱ्यांनी ते उडवले असते; मी ते साठवून सणाला बायकांच्या हाती दिले. या बोलण्यात थोडे तथ्य आहे आणि खरी गोम तेथेच आहे.

दुसऱ्या बाजूला ती बाई. फॅट लागत नाही म्हणून ती सरकी पेंड वाढवते आणि ती पेंडही संस्थेतूनच उधारीवर उचलते, म्हणजे तिची कपात पुन्हा त्याच बिलातून. तरी फॅट वाढत नाही. घरात सासूला संशय येतो की सून दुधात पाणी घालून वरचे दूध परस्पर विकते. नवरा तिच्यावर हात उचलतो. शेवटी चांगली म्हैस खोडीची ठरवून बाजार दाखवला जातो. सचिवाला यातले काहीही माहीत नाही. त्याने कोणाला शिवी दिलेली नाही की कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. मंडळाच्या नियमाप्रमाणे ही कथा संपवायची तर अखेरच्या परिच्छेदात तपासणी पथकाची जीप तरी आणावी लागेल, नाहीतर सचिवाच्या स्वप्नात पांडुरंगाला तरी यावे लागेल. मला सुचणारा शेवट वेगळा आहे. संस्थेच्या वार्षिक सभेत सचिवाच्या सत्काराचा ठराव त्या बाईचा नवराच मांडतो आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. अशी कथा वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी डेअरीवर किटली घेऊन गेला की मशीनवरचा आकडा स्वतः वाकून पाहील, अशी माझी खात्री आहे. जीपवाली कथा वाचलेला माणूस पथकाची वाट पाहत बसेल.

हृदयपरिवर्तनाच्या पर्यायाबद्दल माझी तक्रार पराभवापेक्षाही अधिक आहे. माणसे बदलतात, हे मी नाकारत नाही. पण दोन हजार शब्दांत, शेवटच्या दीडशे शब्दांत, आईचे पत्र वाचून किंवा लहान मुलाचे हसू पाहून बदलणारा खलनायक मुळात खलनायक नव्हताच. लेखकाने त्याला तेवढ्यापुरता काळा कोट चढवला होता. अलीकडे याच जातीची दुसरी एक सोय रूढ झाली आहे. खलनायकाला बापाने लहानपणी पट्ट्याने मारले होते, म्हणून तो असा झाला, असे सांगून मोकळे व्हायचे. लहानपणी मार खाल्लेली लाखो माणसे आपापल्या मुलांना न मारता वाढवतात, त्यांचे काय करायचे? कारण देणे वेगळे आणि कारणाच्या आड माणसाला लपवणे वेगळे. आमच्या त्या सचिवाचे बालपण सुखात गेले असेल, असे मला तरी वाटते.

मग लेखकांना काहीच बंधन नको काय, असा प्रश्न येईल. चौथ्या नियमाच्या जागी मी वेगळा नियम सुचवतो: खलनायकाची ओळख जात, धर्म, रंग किंवा शारीरिक व्यंग यांवरून करून दिलेली नसावी. घारे डोळे, एक पाय ओढत चालणे, तोंडावर देवीचे व्रण, काळाकभिन्न देह, ही आपल्याकडील कथांची जुनी खूण आहे आणि ती आळशीपणाइतकीच अन्यायाचीही आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या दोन पक्षकारांपैकी फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे पुकारा होईपर्यंत आम्हा कर्मचाऱ्यांनाही चेहऱ्यावरून कळत नसे. दूरचित्रवाणीवरील मालिकांतल्या सासवा आणि जावा यांच्याविषयी न बोललेलेच बरे. त्या येतात तेव्हा पार्श्वसंगीत वाजते, म्हणून लेखकाचे काम हलके होते. कथेला पार्श्वसंगीत नसते. मराठी पडद्यावर निळू फुले यांच्यासारखा सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळीत वावरणारा सज्जन माणूस एवढी वर्षे लोकांचा संताप ओढवून घेत राहिला, तो डोळे वटारल्यामुळे नव्हे. ‘सामना’तला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील एका फाटक्या म्हाताऱ्या मास्तराला घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो, त्याच्याशी गप्पा मारतो, आणि मारुती कांबळेचे काय झाले, या एका प्रश्नाने अस्वस्थ होतो. पाहुणचार करणारा खलनायक स्पर्धेत आला तर परीक्षकांनी त्याला दारातून परत पाठवू नये.

हयात व्यक्तींचे चित्रण नको, हा तिसरा नियम मला मान्य आहे. बदनामीचा कायदा आहे, निवडणुका जवळ असल्या-नसल्या तरी मनस्ताप आहे. मात्र त्याचा अर्थ फार ताणू नये. आपल्या जिल्ह्यात कारखान्याच्या काट्यावर, पतसंस्थेच्या ठेवींवर किंवा बाजार समितीवर कोणतीही कथा लिहिली तरी वाचणारे पाच जण पाच निरनिराळी नावे घेऊन ‘हा तोच’ असे छातीठोकपणे सांगतील. त्यात लेखकाचा दोष धरू नये. तसेच ज्या कथेत खलनायक म्हणून एकच माणूस बोटाने दाखवता येत नाही, ती कथाही विषयाबाहेरची मानू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे येथे शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते पाठ करून घेतले आहे. पूररेषेत भराव पडतो तेव्हा एक जण अर्ज करतो, दुसरा शेरा मारतो, तिसरा सही करतो, चौथा डंपर पाठवतो आणि पाचवा तेथे हौसेने बंगला बांधून वास्तुशांतीला सगळ्यांना जेवू घालतो. प्रत्येकाने आपापला एकच कागद पुढे सरकवलेला असतो. यातल्या कोणालाही पकडून त्याचा पराभव दाखवला तरी उरलेले चौघे पंगतीत बसलेलेच असतात. एखाद्या तरुण लेखकाने हे नीट लिहून दाखवले तर पहिले बक्षीस त्याला द्यावे, असे मी म्हणेन.

शब्दमर्यादा तीन हजारांपर्यंत वाढवता आली तर बरे होईल, कारण खलनायक आणि त्याने नाडलेला माणूस या दोघांनाही पुरेशी जागा लागते. बक्षीसपात्र कथांचे जाहीर वाचन व्हावे, असेही सुचवावेसे वाटते. १८५० पासून वाचनाची परंपरा चालवणाऱ्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी जागा शहरात आहे आणि वाचन झाल्यावर श्रोत्यांत जी बाचाबाची होईल ती ऐकण्यासारखी असेल. आक्षेप घेणाऱ्या वाचक भगिनींनाही मंडळाने त्या वेळी आवर्जून बोलवावे.

स्पर्धेची अंतिम मुदत याच महिनाअखेर आहे, असे बातमीवरून दिसते. काही जणांनी प्रवेशिका पाठवल्याही असतील आणि नियमापोटी नाइलाजाने शेवटी पोलिसांची गाडी आणलीही असेल. चौथा नियम रद्द करण्याचा निर्णय झालाच तर मुदत पंधरा दिवसांनी वाढवावी आणि ज्यांच्या कथा पोहोचल्या आहेत त्यांना फक्त शेवट बदलून त्या पुन्हा पाठवण्याची मुभा द्यावी, ही मंडळाला विनंती. आपल्या दैनिकाने हे पत्र प्रसिद्ध करावे आणि मंडळाचे उत्तर आल्यास तेही याच सदरात छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर